ओटीवरचं बटण

काकांना कधीही पाहिलं तरी ते हात पुसत असत. खांद्यावरचा पंचा ओढायचा, दोन्ही हात नीट पुसायचे आणि पंचा परत खांद्यावर टाकायचा. हात ओले असोत की कोरडे, आणि बहुतेक वेळा ते कोरडेच असत. कोणाला काही सांगायचं असो, मागायचं असो, नाहीतर नुसतं कोणासमोर उभं राहायचं असो, आधी हा कार्यक्रम व्हायचा. मग ते बोलायचे आणि बोलण्याच्या शेवटी 'जमलं तर' लावायचे.

पाणी दे, जमलं तर. बस की जरा, जमलं तर. एकदा माझ्यादेखत त्यांनी एसटीच्या कंडक्टरला "एक केळवे द्या, जमलं तर" असं सांगितलं. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिला. जगात आपण जागा अडवतो, हवा घेतो, लोकांना त्रास देतो, याबद्दल सतत माफी मागत असल्यासारखी काही माणसं वावरत असतात. तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेलच. काका त्या सगळ्यांचे शिफ्ट इन्चार्ज शोभले असते.

शिफ्ट इन्चार्ज म्हणालो ते उगाच नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याचा एक कारखाना होता, तिथे ते खरोखरच शिफ्ट इन्चार्ज होते आणि सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मी तिथेच ठेकेदाराकडचा वायरमन, नुकताच आयटीआय करून उमरोळीहून सायकल हाणत येणारा. इन्चार्ज म्हटल्यावर जो मिशीवाला, शिट्टीवाला माणूस तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो कृपया पुसून टाका. आमचे काका कामगारांना सांगायचे, "भैया, वो ड्रम जरा उधर सरका दो, जमेगा तो." नवा आलेला कामगार "नहीं जमेगा" म्हणून सरळ चहाला निघून जायचा. मग काका बाह्या सारून स्वतःच ड्रमला खांदा लावायचे. ते बघून त्या कामगाराला घोट गिळवायचा नाही, आणि तो चहा अर्धा टाकून परत यायचा. काकांच्या शिफ्टचं काम कधी मागे पडलं नाही, पण ते सगळं लोकांच्या लाजेवर चालायचं.

मी तेव्हाही फटकळच होतो. एकदा विचारलं, "काका, तुमी ओरडत का नाय कोणावर?"

त्यांनी हात पुसले. म्हणाले, "तो पण घरनं दमूनच आला असंल ना."

पुढे मी ठेकेदारी सोडली आणि बोईसरला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. आधी इन्व्हर्टर, मग कॅमेरे आणि मग ही नवी स्मार्ट उपकरणं. सालवडच्या नव्या इमारतींमध्ये मी इतकी बसवली की तिथला माणूस सोफ्यावरून न उठता गीझर लावू लागला. मी त्यांची चेष्टा करतो, पण धंद्यावर माझा विश्वास आहे. गुडघे गेलेल्या बाईला पंखा लावायला उठावं लागू नये, एकट्या म्हाताऱ्याला दार उघडायला धावावं लागू नये, यात वाईट काय आहे? हे काम करताना मला आपण काहीतरी भलं करतो आहोत असंच वाटायचं. अजूनही बहुतेक घरांत तसंच वाटतं.

काकांच्या मुलीने बंगळूरहून फोन केला तेव्हाही तसंच वाटलं. ती तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन डावं अंग लुळं पडलं होतं, आणि निवृत्त झालेले काका दिवसभर आईच्या दिमतीला होते. बाबांची फार धावपळ होते, त्यांचंही वय झालं, तर घर असं करून द्या की आईला सगळं जागेवरून करता येईल, असं तिने सांगितलं.

काकांचं घर केळव्याला, वाडीत. पुढे ओटी, आत काकींची खोली, मागे विहीर आणि नारळ-सुपारीची झाडं. काकी म्हणजे काकांच्या अगदी उलट बाई. अंग गेलं, पण आवाजाला काही झालं नव्हतं. त्यांनी "अहो" म्हटलं की शेजारच्या वाडीतला माणूसही आपल्यालाच हाक मारली म्हणून दचकायचा. काका नोकरीला असताना ही वाडी त्यांनीच सांभाळली होती. झाडांना पाणी, सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलीचं शिक्षण, सगळं. काका तारापूरला शिफ्ट करून यायचे आणि झोपायचे. झटका आल्यावर काकांनी मनाशी एक हिशेब मांडला आणि तो त्यांच्या डोक्यातून कोणालाही काढता आला नाही. मला एकदा त्यांनी तो सांगितलाही. "माझ्या शिफ्टांनी हिचं अंग गेलं," म्हणाले. डॉक्टर रक्तदाब म्हणत होते, पण डॉक्टरांचं कोण ऐकतो?

म्हणून ते काकींच्या खोलीबाहेर ओटीवर एक खुर्ची टाकून बसत. आतून "अहो, पंखा" आलं की उठायचे. "अहो, टीव्हीचा आवाज." "अहो, खिडकी." "अहो, गेटावर कोण आलंय बघा." दर हाकेला "आलो, आलो" करत जायचे आणि परत येऊन बसायचे. हे करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची बुद्धी मला तेव्हा झाली नाही. मला फक्त त्यांच्या फेऱ्या दिसल्या.

मी सगळं बसवलं. पंखा, दिवे, टीव्ही, विहिरीवरची मोटर, गेटाचं कुलूप, गेटावर कॅमेरा. खोलीत कॅमेरा लावू द्यायला काकी तयार झाल्या नाहीत. "मला काय बँक समजतोस काय?" म्हणाल्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर तो बोलणारा गोल डबा ठेवला, ज्याला सांगितलं की बाकी सगळं चालतं. राउटर ओटीवर ठेवला, भिंतीवरच्या जुन्या काळ्या बोर्डाजवळ. त्या बोर्डावर अजून जाडजूड गोल बटणं होती, दाबली की 'खट' असा आवाज यायचा. राउटरची पिन मी त्यातच लावली.

डब्याला मराठी अर्धीमुर्धीच समजायची, म्हणून काकी त्याच्याशी मालिकांमधल्या हिंदीत बोलायला लागल्या. "पंखा चालू करो" म्हटल्यावर पंखा फिरला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग पंखा बंद, पंखा चालू, दिवा, टीव्ही, भजन, सगळं करून बघितलं. डब्याला त्या 'बाई' म्हणायच्या. मी काकांनाही पुढे केलं. काका डब्यासमोर उभे राहिले, हात पुसले आणि म्हणाले, "पंखा बंद करो, जमेगा तो."

डबा म्हणाला, "माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

काकी खो खो हसल्या. काका मात्र ओशाळून माझ्याकडे वळले. "बघ, आपण चुकायचं आणि माफी तिने मागायची," म्हणाले. त्यानंतर त्या डब्याला त्यांनी कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

थोड्याच दिवसांत मुलीचे फोन यायला लागले. आईकडे नेट जातं. रोज नाही, पण दुपारचं जातं, संध्याकाळचं जातं, बघून या. मी स्कूटर काढून गेलो तर राउटरचं ओटीवरचं बटणच बंद. काकांना विचारलं. म्हणाले, "हात लावून बघितलं तर ती मशीन तापली होती रे. दिवसभर राबते, म्हटलं जरा पडू दे तिला पण." कारखान्यात मशीन थंड करायला बंद ठेवतात, तशी ठेवली होती. मला हसू आलं. राउटरला विश्रांती देणारा माणूस जगात हा एकच असेल, असं मी दुकानात चार जणांना सांगितलं. काकांना समजावलं की हे तापलं तरी चालतं, बंद करायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

पुन्हा फोन आला. पुन्हा गेलो, तर बटण चालू, नेट चालू, सगळं ठीक. मी वायर बदलली, पिन बदलली. नेटवाल्या कंपनीशी भांडलो. तरी नेट जायचंच.

मग एकदा मी केळव्यातच एका हॉटेलचं काम करून परत येत होतो. दुपारची वेळ होती. म्हटलं जाता जाता बघून जावं. स्कूटर वाडीच्या कुंपणाशी लावली आणि गेटाकडे चालत आलो, तर सुपारीच्या झाडांमधून ओटी दिसत होती. काका बोर्डासमोर उभे होते. त्यांनी पंचाने हात पुसले. आतल्या दाराकडे बघितलं आणि दोन बोटांनी अगदी हळू ते बटण वर केलं. मग खुर्चीवर येऊन बसले, अगदी पुढे सरकून, उठायच्या बेतात.

आत काकींनी डब्याला काहीतरी सांगितलं. डब्याने माफी मागितली. मग काही वेळ काहीच नाही. मग आतून आलं, "अहो."

"आलो, आलो," म्हणत काका उठले. मी त्यांचा चेहरा पाहिला. मुंबईहून एखादा पाहुणा नुसता आपल्यालाच भेटायला आल्यावर होतो, तसा झाला होता. मी गेटातूनच परत फिरायला हवं होतं. पण मी आगाऊ माणूस, थांबलो.

ते बाहेर आले आणि मला बघून जागीच उभे राहिले. मला हाताने खूण करून विहिरीपाशी घेऊन गेले. तिथे रहाटाच्या कट्ट्यावर बसून बराच वेळ हात पुसत राहिले.

"ती हाक मारत नाय रे आता," म्हणाले. "दिवसदिवस नाय मारत. सगळं त्या बाईला सांगते. चांगलंच हाय ते. मला कळतं चांगलं हाय. पण मी बाहेर बसून काय करू?" थोडं थांबून म्हणाले, "जरा वेळच बंद करतो. एक-दोन हाका मारल्या की लावतो परत. पाप हाय काय?"

मग त्यांनी मुलीला सांगू नको म्हटलं, 'जमलं तर' लावून. मी नाही सांगितलं. मुलीला म्हटलं, समुद्राची खारी हवा आहे, सांधे गंजतात, केळव्यात हे चालायचंच. थाप इतकी बरी जमली की नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही मी तीच मारली.

काही महिने असेच गेले. मी तिकडे गेलो की काका माझ्याकडे बघून नजर वळवायचे, आणि मी मुद्दाम त्या बोर्डाकडे पाठ करून बसायचो. आमच्यात हा एक चोरटा व्यवहार सुरू झाला होता. मला त्यात थोडी मजाही वाटायची, हे सांगायला हवं.

मग ती दुपार आली. मी तिथे नव्हतो, पण नंतर तुकड्यातुकड्याने सगळं कळलं. काकांनी बटण बंद केलं आणि खुर्चीत येऊन बसले. तेवढ्यात गेटाशी मुंबईची काही तरुण पोरं आली. किनाऱ्यावर त्यांची गाडी रेतीत रुतली होती, फळ्या आहेत का, कोणी धक्का द्यायला येईल का, असं विचारत होती. काका कोणालाही नाही म्हणू शकत नव्हते हे तुम्हाला आता सांगायला नको. दोन फळ्या खांद्यावर घेऊन ते निघाले. आत्ता येतो, असं त्यांना वाटलं असणार. रेतीतली गाडी एवढ्यात निघत नसते. बटण बंद आहे हे ते पार विसरले.

आत उकाडा होता. काकींनी डब्याला पंखा लावायला सांगितलं. मग काकांना हाका मारल्या. त्या आवाजाला शेजारच्या वाडीतून कोणीतरी ओ दिली असती, पण नेमकं शेजारी कोणी नव्हतं. बऱ्याच हाका मारून झाल्यावर त्या उजव्या हातावर भार देऊन उठल्या, भिंतीवरच्या बटणापर्यंत जायला. आणि पडल्या. उजवा हातच अंगाखाली आला. चांगला होता तो हात मनगटात मोडला. काका रेतीने भरलेल्या पायांनी, त्या पोरांनी बळे दिलेली बिस्किटांची पुडी घेऊन परत आले, तेव्हा काकी जमिनीवर होत्या. त्या कण्हत पंखा, पंखा म्हणत होत्या आणि तो डबा दर वेळी माफी मागत होता.

मुलगी विमानाने आली. मला बोलावून घेतलं आणि ओटीवर उभं करून जे बोलायचं ते सगळं बोलली. तुमच्या भरवशावर आईला ठेवलं, तुम्हाला एक वायर नीट जोडता येत नाही. तिचं काय चुकलं? तिला जेवढं माहीत होतं त्यावर ती बोलत होती. काका भिंतीला टेकून उभे होते. हात पुसत होते, परत परत. मी त्यांच्याकडे बघितलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी ते काही बोलतील याची भीतीही वाटत होती. ते तोंड उघडत होते, मिटत होते. मी घाईने म्हटलं, "ताई, चूक झाली. पक्कं काम करून देतो."

दुसऱ्या दिवशी मी राउटर माळ्यावर नेला. बॅटरी लावली, वीज गेली तरी बंद पडणार नाही अशी. लाईन थेट वरून घेतली, ओटीवरच्या बोर्डाशी संबंधच तोडला. शिडी काकांनी धरली होती. खालून म्हणाले, "अजून आत सरकव. माझा हात पोचणार नाय असं ठेव." आणि मग सवयीने, "जमलं तर."

मी सरकवला. जुना बोर्ड काढून टाकू का विचारलं तर म्हणाले, राहू दे भिंतीवर.

त्यानंतर त्या घरात नेट एकदाही गेलं नाही. मुलगी खूश होती. मला तिने इतर दोन ओळखीच्यांची कामंही मिळवून दिली. काकींचं मनगट जुळलं. आणि काका ओटीवर बसेनासे झाले. खुर्ची तिथेच होती, ते मागे वाडीत असायचे. पडलेली झावळी उचलून एका बाजूला ठेवायची, मग दुसऱ्या बाजूला ठेवायची. जेवणखाण, औषधं, अंग पुसणं हे ते करतच होते, पण आत जाताना दारात थांबून घसा खाकरायचे. परक्याच्या घरी गेल्यासारखे.

एकदा त्यांनी मला त्याच विहिरीपाशी नेलं. बारीक झाले होते. म्हणाले, "तिला सांगून टाकू काय? बटण मीच बंद केलेलं ते? घास उतरत नाय रे."

आता मी जे म्हणालो ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "कशाला काका? हात जुळला, सगळं सुरळीत चाललंय. आता सांगून काकींना नुसता ताप. राहू द्या." मी शहाणपणाने बोलत होतो. मनात हेही होतं की ते बोलले तर मुलीला कळेल आणि माझी खाऱ्या हवेची थाप उघडी पडेल. दोन्ही एकदमच मनात होतं, वेगळं करून दाखवता येणार नाही.

त्यांनी मान डोलावली. हात पुसले.

पावसाळा संपता संपता ते गेले. सकाळी वाडीत झावळ्या गोळा करतानाच. फार कोणाला त्रास न देता, असं सगळे म्हणाले, आणि त्यांच्या बाबतीत ते म्हणणं खरंच होतं.

दिवस-कार्य आटोपल्यावर मुलगी आईला बंगळूरला न्यायला निघाली. घर बंद राहणार म्हणून तिने मला उपकरणं काढून घ्यायला बोलावलं. ती सामान आवरत मागच्या खोलीत होती. मी काकींच्या पलंगाजवळचा डबा काढत होतो. काकी खिडकीतून बाहेर बघत होत्या. आवाज आता खाली आला होता.

"बाबू," म्हणाल्या, "ते ओटीवरचं बटण बंद केलं की मला आत ऐकू यायचं, माहीत हाय तुला?"

माझा हात डब्यावरच राहिला.

"ते हळू दाबायचे. पण ते बटण काय ऐकतंय होय? खट वाजायचंच. मग मी पण जरा वेळ गप राहायची. लगेच हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत.

"काय बोलायचं? मला बरं वाटायचं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझ्यापायी झिजला तो माणूस. म्हणून तर मी हाका मारायच्या बंद केल्या, जरा बसू दे त्यांना म्हणून. तर हे बटण बंद करून बसायचे."

त्या दिवशीही, पडल्या त्या दिवशीही, त्यांनी खट ऐकलं होतं. मुलगी मला झापत होती तेव्हा त्यांना आत सगळं ऐकू येत होतं. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर पोरगी बापावर तुटून पडली असती, म्हणून त्या गप्प राहिल्या. नंतर वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलं की आपण म्हणायचं, अहो, मला माहीत होतं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण ते दारात खाकरायचे, काम करायचे आणि जायचे.

"मला वाटलं, माझ्यावर नाराज झाले," काकी म्हणाल्या. "मी पडले म्हणून त्यांचं बटण गेलं. त्याचाच राग आला असंल म्हटलं."

हे मला ऐकवलं नाही. मी पलंगाजवळ खाली बसलो आणि सांगून टाकलं. ते सांगणार होते काकी. विहिरीवर मला विचारलं होतं त्यांनी. मीच नको म्हटलं.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मागच्या खोलीत मुलगी बॅगेची चेन ओढत होती.

"तू नको म्हणालास," त्या म्हणाल्या. "मग कसं सांगतील? त्यांना कोणी काय सांगितलं की ते ऐकायचेच."

मी उठलो. डबा पिशवीत टाकला. वायर गुंडाळली. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"ते बटण अजून हाय ना भिंतीवर?"

आहे म्हटलं. पण त्याला आता लाईन नाही.

"नसू दे. एकदा दाब."

मी ओटीवर आलो. काकांची खुर्ची होती तिथेच होती, दाराकडे तोंड करून. पंचा कोणीतरी धुऊन तिच्या पाठीवर वाळत टाकला होता. मी बोर्डासमोर उभा राहिलो आणि ते बटण दोन बोटांनी हळू वर केलं. खट वाजलं.

आत सगळं शांत होतं. काकी थांबल्या होत्या, काकांना कळू नये म्हणून थांबायच्या तेवढा वेळ. मग आतून हाक आली.

"अहो."

मी बटणावरचा हात काढला नाही. खुर्चीकडे बघत तसाच उभा राहिलो. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही.